दत्तक शाळांचे गुण वाढले, पण त्यातले आपल्यामुळे किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकलं असेल तर सांगता येईल. तीन वर्षांपूर्वी तुमच्या कंपनीनं सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून नागपूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या आठ शाळा दत्तक घेतल्या. काही हिंगण्याकडच्या, बाकीच्या कुही-भिवापूरकडच्या. दिवाळीनंतरच्या एका चाचणीत ज्यांचे गुण सगळ्यात कमी आले, त्याच मुद्दाम निवडल्या. पूरक शिक्षक दिले, प्रशिक्षणं घेतली, इमारती रंगवल्या, टीव्ही बसवले. तिसरी ते पाचवीची सरासरी तेव्हा शंभरात ३४ होती, आता ५१ आहे. संचालक मंडळ म्हणतंय की हे यश धरून आणखी वीस शाळा घेऊ. तुम्हाला मात्र मनातून खात्री वाटत नाही, आणि शाळांचे मुख्याध्यापक 'मध्येच सोडू नका' म्हणून रोज फोन करताहेत.

तुमची शंका योग्य आहे. मी बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि त्यानंतरची अठरा वर्षं विदर्भातल्या अशाच कार्यक्रमांचं मूल्यमापन करत आले. या कामात मला सगळ्यात जास्त फसवलं ते '३४ वरून ५१' अशा आकड्यांनी. आकडा खोटा असतो असं नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. तुमचा खरा प्रश्न असा आहे: तुम्ही गेला नसतात तर हीच मुलं आज कुठं असती? वाढलेल्या १७ गुणांपैकी तुमच्या कामामुळे किती वाढले आणि तसेही किती वाढले असते?

सुरुवात निवडीपासून करू, कारण अर्धा गोंधळ तिथंच आहे. एकाच चाचणीवरून सगळ्यात मागच्या शाळा निवडल्या की त्यात दोन प्रकारच्या शाळा येतात. काही खरोखर मागे असतात. काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. मी शिकवत होते त्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते. आदल्या रात्री गावात दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, असली की सकाळी मुलं पेंगत वर्गात येतात. कुठं कापूस वेचायला आईसोबत अर्धा वर्ग शेतात गेलेला असतो, कुठं दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक आठवडाभर प्रशिक्षणाला असतो. पुढच्या वर्षी त्या दिवशी मंडई नसते, शिक्षक हजर असतो, आणि कोणी काहीही न करता शाळेचे गुण वर येतात. तळातूनच निवड केली की पुढच्या मोजणीत थोडी वाढ जवळपास ठरलेलीच असते, आणि ती तुमच्या खात्यावर जमा होते.

चिली देशात नेमकं हेच झालं. १९९० मध्ये तिथल्या सरकारनं सर्वात कमी गुणांच्या सुमारे ९०० शाळा निवडून त्यांना पुस्तकं, प्रशिक्षण आणि शाळेनंतरचे वर्ग दिले. गुण झपाट्यानं वाढले आणि कार्यक्रम गाजला. २००५ मध्ये चाय, मॅकईवन आणि उर्किओला या तीन अर्थशास्त्रज्ञांनी निवडीच्या रेषेच्या थोड्या खालच्या आणि थोड्या वरच्या शाळा शेजारी ठेवून पाहिल्या. रेषेजवळच्या या शाळा जवळपास सारख्याच होत्या, फरक इतकाच की काहींना मदत मिळाली आणि काहींना नाही. कार्यक्रमाचा परिणाम होता, पण लोक समजत होते त्यापेक्षा बराच कमी. बाकीची वाढ त्या 'वाईट दिवसा'ची भरपाई होती.

त्यामुळे तुमचं पहिलं काम घरबसल्या होण्यासारखं आहे. ज्या यादीवरून आठ शाळा निवडल्या ती जुनी यादी शोधा. तळाच्या वीस शाळा असतील तर तुम्ही न घेतलेल्या बारा कुठल्या ते काढा आणि त्यांचे आजचे गुण गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मिळवा. समजा त्या बारा शाळा ३६ वरून ४६ वर आल्या. म्हणजे काही न करताही १० गुण वाढले, आणि तुमच्या वाट्याला १७ नव्हे, ७ येतात. सातही कमी नाहीत, पण वीस शाळांचा निर्णय सातवर घ्यायचा की सतरावर, यात फार फरक आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं केंद्राचं अभियान आणि त्याखालचे राज्याचे उपक्रम सगळ्याच शाळांत सुरू आहेत. त्यांचाही परिणाम त्या बारा शाळांच्या आकड्यात आपोआप मोजला जातो. या एका तुलनेनं बरंच काही उलगडतं, आणि तिला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट पटसंख्येची. आपल्याकडच्या गावशाळा लहान असतात. चौथीत बारा मुलं आहेत आणि सरासरी ४० आहे असं धरा. एकूण गुण ४८०. त्यातली १० गुणांवर असलेली दोन मुलं वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांसोबत गाव सोडून गेली. आता दहा मुलांचे ४६०, सरासरी ४६. एकाही मुलाला एक अक्षर जास्त आलं नाही, तरी शाळा सहा गुणांनी 'सुधारली'. उलटंही होतं. शाळा चांगली चालते म्हणून कॉन्व्हेंटमधून दोन मुलं परत आली, ती गणितात कच्ची असली, तर सरासरी घसरते आणि चांगल्या शाळेवर ठपका येतो. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि नावानिशी यादी करा: तीन वर्षांपूर्वी पहिली-दुसरीत असलेलं प्रत्येक मूल आज कुठं आहे? जी मुलं अजून तुमच्याच शाळेत आहेत त्यांची प्रगती वेगळी पाहा, दाखला घेऊन गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवा, आणि दाखला न घेताच गायब झालेल्यांची चौकशी नक्की करा. ती यादी पाहून मला अनेकदा झोप लागली नाही, कारण सगळ्यात जास्त मदतीची गरज असलेली मुलंच आकड्यांतून आधी गळतात.

आता चाचणीबद्दल. इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते मूल्यमापन सगळ्यात जास्त इथं बिघडतं.

एका दत्तक शाळेत मी पडताळणीला गेले होते. तिसरीतली एक मुलगी व्हरांड्यात माझ्या शेजारी बसली, पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा वाचायला लागली. उच्चार स्वच्छ, चांगला सूर लागलेला. पण तिचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या. मी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडचं कार्ड तिच्यापुढं ठेवलं, बकरी विहिरीपाशी गेली अशा चार ओळींचं. ती कार्डाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "मॅडम, हे आम्हाले नाही शिकवलं." मी म्हटलं, बघ, जमेल तेवढं वाच. ब... क... री... असं करत ती थांबली, आणि एकदम चेहरा उजळला. "बकरी!" शाळेच्या नोंदीत ती गोष्ट वाचणाऱ्या मुलांत होती. माझ्या नोंदीत ती नुकती शब्दांपर्यंत पोचली होती. तिच्या बाईंनी फसवणूक केली असं मी अजिबात म्हणणार नाही. त्या माउलीनं चाचणीत येणारे धडे मन लावून पाठ करून घेतले होते, कारण शाळेची मोजदाद त्याच धड्यांवर होणार होती.

जे मोजमाप शाळेच्या अब्रूशी, निधीशी किंवा बदलीशी जोडलं जातं, ते हळूहळू बिघडतं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात गुणांचा दबाव इतका वाढला की शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतल्या चुका दुरुस्त केल्या. २०११ च्या राज्य सरकारच्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी सरकारी चाचणीतलेच प्रश्न त्याच मुलांना स्वतंत्रपणे पुन्हा दिले. सरकारी नोंदीतली पातळी खऱ्या पातळीपेक्षा खूप वर निघाली.

म्हणून तुम्ही सांगितलेले ५१ गुण कुणी तपासले ते आधी विचारा. ज्या शिक्षकांनी शिकवलं त्यांनीच तपासले असतील तर तो आकडा वर्गात शिकवण्याला उपयोगी आहे, पण संचालक मंडळापुढं पुरावा म्हणून ठेवू नका. राज्याच्या नियतकालिक चाचण्याही शिक्षकच तपासतात. 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण (आधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण) नमुन्यावर चालतं आणि जिल्ह्याचं चित्र देतं, एकेका शाळेचा निवाडा त्यावरून होत नाही. तुम्हाला बाहेरची, छोटी आणि तोंडी तपासणी लागेल. 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाची पद्धत यासाठी उत्तम आहे. २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन ती मुलांना अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला लावते. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. एका मुलाला दहा मिनिटंही लागत नाहीत. डीएड-बीएडचे विद्यार्थी दोन दिवसांत शिकून घेतात, मी त्यांच्याकडूनच करून घेते. दोनच अटी: कार्ड आधी शाळेला दाखवायचं नाही आणि तपासणारा त्या शाळेचा किंवा तुमच्या कंपनीचा नसावा. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांच्या घरी संध्याकाळी जा. गावात गेल्यावर कळतं की काहींना 'उद्या येऊ नको' असं सांगितलेलं होतं.

भाषेचं भान ठेवा. रामटेक-पारशिवनीच्या काही गावांत घरी गोंडी बोलतात, हिंगण्याच्या एमआयडीसी पट्ट्यात छत्तीसगड-बिहारच्या मजुरांची मुलं असतात. गोंडी किंवा भोजपुरी बोलणारं मूल मराठी कार्डासमोर गप्प बसलं तर ते शिकलं नाही असं लगेच लिहू नका. गणित त्याच्या भाषेत विचारा, मग कळतं.

तारखांकडंही बघा. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी सुरू होतात. पायाभूत तपासणी जुलैत आणि शेवटची मार्चमध्ये घेतली की दरवर्षी वाढ दिसणारच, कारण मूल वर्षभर शाळेत होतं. मग उन्हाळ्यात निम्मं विसरून ते जुलैत परत खाली येतं आणि पुढच्या मार्चला पुन्हा 'वाढ' नोंदली जाते. मी असा एक अहवाल वाचला होता, तीन वर्षं लागोपाठ घवघवीत यश, आणि पाचवीतली मुलं मात्र तीन वर्षांपूर्वीच्या पाचवीतल्या मुलांइतकीच वाचत होती. जुलैची तुलना जुलैशी करा.

इतकं सगळं करून समजा तुमचे सात गुण खरे निघाले. तरी पुढचा प्रश्न उरतो: ते कशामुळे? तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी दिल्या, आणि मूल्यमापनाला सगळ्यात अवघड तेच असतं. इथं आकड्यांपेक्षा शाळेत बसून राहणं कामी येतं. मी आठवड्यातले दोन दिवस, न सांगता, परिपाठापासून सुट्टीपर्यंत वर्गाच्या कोपऱ्यात बसते आणि एकच गोष्ट लिहिते: प्रत्येक दहा मिनिटांनी किती मुलं स्वतः वाचताहेत, लिहिताहेत किंवा गणित सोडवताहेत. पूरक शिक्षक मागच्या मुलांना वेगळं घेऊन त्यांच्या पातळीवर शिकवत असेल तर ते पहिल्याच दिवशी दिसतं. तो ऑनलाइन माहिती भरण्यात आणि पोषण आहाराच्या नोंदीत अडकला असेल तर तेही दिसतं. रंगलेल्या भिंती आणि टीव्ही मुलांना आवडतात, गावालाही अभिमान वाटतो, आणि त्यासाठी पैसे खर्चायला माझी हरकत नाही. पण शिकण्यातली वाढ त्यांच्या नावावर लिहू नका. त्याच काळात त्या शाळांतली रिक्त पदं भरली गेली का, मुख्याध्यापक बदलले का, हे संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकसंख्येच्या, कागदांवर तपासा. माझ्या अनुभवात दोनशिक्षकी शाळेत रिकामी जागा भरली जाणं ही कुठल्याही उपक्रमाइतकी मोठी घटना असते. एखादा चांगला गुरुजी शेजारच्या गावातून बदलीनं आणला असेल, तर त्या गावाची शाळा आज कशी आहे तेही बघा.

आराखडे, प्रतवारी आणि फलक यांच्यावर माझा विश्वास आता उरलेला नाही, आणि त्याला कारण आहे. मध्य प्रदेशात शाळांचं सविस्तर मूल्यांकन करून प्रत्येकीला सुधारणा आराखडा देणारा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो चिठ्ठ्या टाकल्यासारखा काही शाळांना देऊन, काहींना न देऊन तपासला. आराखडे बनले, कागद पूर्ण झाले, पण शाळेच्या कामकाजात आणि मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. तरीही तो यशस्वी मानला गेला आणि पसरत गेला. अमेरिकेनं २००९ मध्ये मागे पडलेल्या शाळांसाठी तीन अब्ज डॉलरचा जादा निधी ओतला आणि मुख्याध्यापक बदलण्यापासून शाळा बंद करण्यापर्यंतचे चार ठरलेले मार्ग दिले. २०१७ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात गुणांवर परिणाम दिसला नाही. पण त्याच निधीतून कॅलिफोर्नियातल्या शाळांची चांगली प्रगती झाल्याचं दुसऱ्या अभ्यासात दिसलं. टेनेसीत राज्यानं ताब्यात घेतलेल्या शाळा जिथल्या तिथं राहिल्या, आणि स्थानिक जिल्ह्यांनीच चालवलेल्या 'आयझोन' शाळा पुढं गेल्या. हे वाचून 'काहीच चालत नाही' असं मनात आणू नका. मी त्यातून इतकंच घेते की योजनेचं नाव पाहून निकाल सांगता येत नाही, आत काय घडलं ते पाहावं लागतं.

टिकण्याबद्दल एक गोष्ट. मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्या तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात वाढ स्पष्ट होती, पण उपक्रम संपल्यावर वर्षभरात ती बरीच ओसरली. तुमच्या आठपैकी दोन शाळांतून येत्या जूनपासून पूरक शिक्षक काढून घ्या आणि पुढच्या जुलैत तिथं तपासणी करा, असं मी सुचवलं असतं. पण त्या मुलांचं एक वर्ष त्यात जातं, आणि ते करायला मन धजत नाही. त्यापेक्षा ज्या शाळेतला पूरक शिक्षक स्वतःहून सोडून गेला, तिच्याकडं नीट बघा. अशी एखादी तरी असेलच.

वीस शाळांबद्दल मला विचाराल तर घ्या, पण वेगळ्या रीतीनं. तळाच्या चाळीस शाळांची यादी करा, एका नव्हे तर दोन-तीन चाचण्यांची सरासरी काढून. गटशिक्षणाधिकारी आणि सरपंचांसमोर चिठ्ठ्या टाका. पहिल्या वीस आता, उरलेल्या वीस दोन वर्षांनी. चाळीसही शाळांत पहिल्या दिवसापासून तीच तोंडी तपासणी. 'गरजू शाळेला चिठ्ठीवर सोडायचं का' असं लोक विचारतात. पैसे वीसच शाळांपुरते असतील तर कोणी तरी थांबणारच, आणि ओळखीवर नंबर लागण्यापेक्षा चिठ्ठी गावाला जास्त पटते. मी दोनदा असं केलंय, दोन्ही वेळा सरपंचांनी विरोध केला नाही. दोन वर्षांनी तुमच्याकडं अशी तुलना असेल की तिच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

हे सगळं कुणी करायचं, किती माणसं आहेत, शिक्षण विभागाची साथ किती, यावर पुष्कळ अवलंबून आहे. माणसं कमी असतील तर तीन गोष्टी तरी करा: बारा न घेतलेल्या शाळांशी तुलना, मुलांची नावानिशी यादी, आणि बाहेरच्या माणसाकडून तोंडी तपासणी. बाकीचं पुढच्या वर्षी करता येईल.

मुख्याध्यापकांना मात्र आजच फोन करा. निर्णय काहीही झाला तरी चालू वर्षाचे पूरक शिक्षक एप्रिलपर्यंत राहतील एवढं त्यांना सांगा. ते रोज फोन करतात त्यामागं हीच भीती असते, की मध्येच शिक्षक गेला तर दोन वर्ग एकत्र बसवावे लागतील. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी ठरली तर भिवापूरकडच्या शाळांसाठी तपासणारे मिळवून देते, माझे जुने विद्यार्थी त्या भागात शिक्षक आहेत. आपलं केंद्र, म्हणजे आपला शाळागट, सोडून दुसऱ्या केंद्रात तपासायला ते आनंदानं येतील.